सोलापुरात कारखान्यासाठी भरती एजन्सी कशी निवडावी

एजन्सीला फोन लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: माणूस तुमच्या पगारपत्रकावर येणार की एजन्सीच्या? अकाउंटंट, सुपरवायझर, एक्स्पोर्टची कागदपत्रं पाहणारा माणूस हवा असेल तर प्लेसमेंट एजन्सी लागते; माणूस तुमच्या पगारपत्रकावर येतो. टॉवेलच्या घडी-पॅकिंगला पंधरा हेल्पर हवे असतील तर लेबर कॉन्ट्रॅक्टर; माणसं त्याच्याच पगारपत्रकावर राहतात. दोन्हींत जोखीम वेगळी आहे.

मग जागेचा कागद लिहून काढा. 'अनुभवी ऑपरेटर पाहिजे' एवढंच सांगितलं की बायोडेटांचा ढीग येतो आणि कामाचा एकही निघत नाही. माग जकार्डचा (नक्षी विणणारा) की साधा, एका माणसाने किती सांभाळायचे, पाळी कोणती, हातात पगार किती, सुट्टी कोणत्या वारी, हे सगळं लिहा. कारखाना चिंचोळी एमआयडीसीत असेल तर जाण्या-येण्याची सोयही लिहा. पाळी सुटल्यावर शहरात परतायला गाडी नसेल तर माणूस आठवड्यात काम सोडतो, आणि त्यात एजन्सीचा दोष नसतो. मागावरची बरीच मंडळी घरी तेलुगू बोलतात; सुपरवायझरला ती समजायला हवी असेल तर तेही नोंदवा.

हाच कागद तीन एजन्सींना द्या. प्रत्येकीला विचारा: गेल्या सहा महिन्यांत याच कामाची किती माणसं लावली, आणि तीन महिन्यांनी त्यातली किती टिकली? पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा सांगणारीकडे नोंदी असतात. तिच्या दोन ग्राहकांना स्वतः फोन करा.

मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला एकट्याला विचारा, 'नाव नोंदवायला पैसे घेतले का?' हो म्हणाला तर ती एजन्सी सोडा. दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याला माणूस टिकण्यापेक्षा बदलत राहण्यातच फायदा असतो.

आता पैसे. प्लेसमेंटचा रूढ दर वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. महिना 25,000 च्या जागेला साधारण 25,000 फी, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,500, एकूण 29,500 रुपये. वार्षिक पगारात इन्सेन्टिव्ह आणि बोनस धरायचा की नाही, हे आधीच लिहून घ्या. बिलावरचे वाद बहुतेक इथेच होतात.

सगळ्यात जास्त वेळ बदलीच्या अटीवर, म्हणजे माणूस सोडून गेला तर एजन्सीने दुसरा देण्याच्या हमीवर घालवा. सोलापुरात हाती आलेला माणूस पुण्याची ऑफर आली की जातो, तेही बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. म्हणून हमी 30 दिवसांची नको, 90 दिवसांची मागा, आणि ती रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजा. ऑफर लेटरपासून मोजली तर नोटीस पिरियडमध्येच निम्मी संपते. 30 दिवसांत बदली माणूस मिळाला नाही तर किती पैसे परत, तेही आकड्यात हवं. 'प्रयत्न करू' याला अर्थ नाही. फी अर्धी रुजू झाल्यावर आणि उरलेली हमी संपल्यावर द्यायचं ठरवा. नुसत्या आश्वासनापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. एकाच उमेदवाराचा बायोडेटा दोन एजन्सींकडून आला तर ज्याचा मेल आधी, त्याची फी. आणि लावलेल्या माणसाला एजन्सीने वर्षभर दुसरीकडे न्यायचं नाही, ही अट विसरू नका.

लेबर कॉन्ट्रॅक्टर असेल तर एकरकमी दर मान्य करू नका. फोड मागा: मजुरी, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा), बोनस, सेवाशुल्क, जीएसटी. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. इतरांपेक्षा दर फारच कमी आला तर बचत बहुतेक पीएफमध्ये झालेली असते, आणि त्याने तो भरला नाही तर वसुली मूळ मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून होते. दर महिन्याला आधीच्या महिन्याचा पीएफ-ईएसआय भरल्याचं चलन आणि त्यासोबतची कामगारांची नावनिशीवार यादी हजेरीशी ताडून पाहा. नुसतं चलन पुरत नाही. पंधरा माणसं कामावर आणि आठांचाच भरणा, असंही निघतं. यादी जुळली की मगच चालू बिल काढा.