ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते? दोष कोणत्या चाकात आहे ते असे शोधा

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, म्हणून डाव्या चाकावर संशय घेतला जातो. बऱ्याचदा ते चाक आपले काम चोख करत असते. डावा ब्रेक धरतो आणि उजवा नीट धरत नाही, म्हणून गाडी डावीकडे जाते. अशा वेळी डाव्या चाकात काहीही बदला, पैसे जातात आणि ओढ तशीच राहते. त्यामुळे सुटे भाग आणण्याआधी एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांची तुलना करायची. पुढची तपासणी सँट्रो, झेन, इंडिकासारख्या पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे.

आधी टायर

टायर थंड असताना हवा मोजा. पुढच्या दोन्ही टायरांत ती सारखी हवी. एक टायर नवा आणि दुसरा गुळगुळीत असेल तरी गाडी ओढू शकते. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर ब्रेक न दाबता चालवून बघा. रस्ता कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडून चालवतो, म्हणून गाडी हलकेच डावीकडे सरकली तर तो दोष धरू नका. ब्रेक न दाबताही ओढ जोराची असेल तर प्रश्न अलाइनमेंटचा किंवा टायरचा आहे.

चालवून घ्यायची चाचणी

मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने चला. स्टिअरिंग हलके धरा, पण हात सोडू नका. आधी हळू, मग मध्यम जोराने ब्रेक दाबा आणि ओढ कधी येते याकडे लक्ष ठेवा. पेडल दाबताक्षणी एकीकडे आणि सोडल्यानंतर थोडा वेळ दुसरीकडे, असे होत असेल तर चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपवर पहिला संशय घ्या. ओढ कधी डावीकडे, कधी उजवीकडे अशी बदलत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि बॉल जॉइंट तपासून घ्या. बुश फाटला की ब्रेकच्या जोराने चाकच जागचे हलते. पेडल पायाखाली थरथरते ही तक्रार वेगळी. ती बहुधा असमान झिजलेल्या डिस्कची असते.

चाचणी संपल्यावर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी थांबवा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या. डिस्कला बोट लावू नका, चांगलेच भाजते. पुढच्या दोन चाकांतले एक जवळपास थंड असेल तर ते काम करत नाही. एक कडक तापले असेल आणि जळका वास येत असेल तर ते ब्रेक सोडत नाही.

चाक उचलून

मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, जॅकने पुढचा भाग उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या केलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. चाक काढून आतला आणि बाहेरचा पॅड बघा. एक पॅड संपत आलेला आणि दुसरा जाड दिसला तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन गंजून बसला आहे. पिना निघत असतील तर स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावा. साधे ग्रीस रबर फुगवते. पॅडवर तेल किंवा ग्रीस उडालेले असेल तर घासून साफ करण्यात अर्थ नाही. पॅड बदला, तोही दोन्ही चाकांचा.

चाक हाताने जड फिरत असेल तर निपलची, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा काढायच्या स्क्रूची, परीक्षा घ्या. ती फुकट होते आणि सर्वांत स्पष्ट उत्तर देते. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडा. कोणाला तरी ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडायला सांगा, चाक अडकले की निपल किंचित सैल करा. तेलाची चिळकांडी येऊन चाक सुटले, तर दाब मागे परतत नव्हता. एकच चाक अडकत असेल तर दोषी बहुधा होज पाइप आहे. जुना पाइप आतून सुजतो आणि बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. एकाहून जास्त चाके अडकत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलने सगळ्या चाकांना दाब देणारा मुख्य सिलिंडर) बघायला हवा. निपल उघडूनही चाक जडच राहिले, तर अडचण पिस्टनमध्ये किंवा पिनांमध्ये आहे.

निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारा आणि रिंग पाना वापरा, नाहीतर तो तुटून हातात येतो. कॅलिपर होज पाइपवर लटकत ठेवू नका, तारेने बांधा. काही ठिकाणी डावा कॅलिपर उजवीकडे बसवलेला आढळतो. मग निपल खाली येतो, हवा वर अडकते आणि कितीही वेळा हवा काढली तरी ते चाक कमजोरच राहते.

मागचे ड्रम

मागच्या दोषाने स्टिअरिंग फारसे ओढत नाही. गाडीची शेपटी हलते किंवा एकच चाक लॉक होऊन घासते. ड्रम काढून व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गळतो का, लाइनर आणि ड्रममधले अंतर राखणारा ॲडजस्टर अडकला आहे का आणि हँडब्रेकची केबल एका बाजूला जाम आहे का, हे बघा. ओम्नी किंवा ॲम्बेसिडरसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ॲक्सलचे ऑइल सील गेले की गिअर ऑइल थेट लाइनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीवर, येते. कोकणात पावसाळाभर हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे लाइनर ड्रमला चिकटतात. गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर ती गिअरमध्ये टाका, चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. ड्रममधली धूळ फुंकू नका किंवा हवेने उडवू नका. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

जोडताना

पॅड, लाइनर आणि होज पाइप जोडीनेच बदला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच ऑइल घाला. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. पॉवर स्टिअरिंगचे तेल चुकूनही घालू नका, सगळी सिले फुगतात. चाक बसवल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबा आणि मगच गाडी हलवा. पेडल खाली जात असेल किंवा टाकीतले तेल उतरत असेल, तर गॅरेज कितीही जवळ असले तरी ती चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टोइंग करा.