विदारीकंदाचा अर्क कसा काढावा आणि त्यातलं प्युएरारिन कसं मोजावं

कुडझू या चिनी औषधी वेलीच्या मुळाने दारू पिण्याचं प्रमाण कमी होतं, हे वाचून फार्मसीचे आणि आयुर्वेदाचे बरेच विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय घेतात. विषय चांगला आहे, पण कोणत्या अर्काबद्दल बोलतोय हे आधी पक्कं हवं. 2005 साली अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलच्या अभ्यासात भरपूर पिणाऱ्या 14 जणांना आठवडाभर दिवसातून तीनदा 1-1 ग्रॅम अर्क दिला आणि त्यांचं बिअर पिणं कमी झालं. त्या अर्कात 25 टक्के आयसोफ्लेव्होन (या मुळातली संयुगं) होते: प्युएरारिन 19, डेडझिन 4 आणि डेडझेइन 2 टक्के. त्याआधी 2000 साली 38 जणांना दिवसातून दोनदा 1.2 ग्रॅम कुडझू दिला, तेव्हा ना तलफ कमी झाली, ना दारू सुटली. त्यामुळे नुसतं ‘कुडझू दिला’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. अर्कात काय आणि किती होतं, हे सांगता आलं पाहिजे.

सोलापुरात आपल्या हाताशी येतो तो कुडझूच्याच प्युरेरिया प्रजातीतला विदारीकंद, म्हणजे प्युरेरिया ट्युबरोसा. त्यातही प्युएरारिन असतं, पण मालागणिक प्रमाण बदलतं.

माल ओळखणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. काष्ठौषधीच्या दुकानात ‘भुईकोहळा’ मागितला, की विदारीकंद मिळेल किंवा क्षीरविदारी, म्हणजे आयपोमिया मॉरिशियाना. दोन्हींच्या सुक्या चकत्या पांढरट आणि पिठूळ असतात. ताजा कंद मिळाला तर कापून पाहा: क्षीरविदारीतून दुधासारखा चीक येतो, विदारीकंदातून येत नाही. वेल पाहायला मिळाला तर काम सोपं आहे. विदारीकंदाचं पान पळसासारखं तीन पर्णिकांचं असतं, क्षीरविदारीचं पंजासारखं फाटलेलं. सुक्या मालाचा निर्णय नुसत्या नजरेने करू नका, खाली दिलेली टीएलसी (थिन लेअर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे प्लेटवर घटक वेगळे करून पाहण्याची चाचणी) करा. दुकानातून किमान अर्धा किलो एकाच पोत्यातला घ्या आणि त्यातल्या चार-पाच चकत्या नमुना म्हणून विभागात ठेवून द्या. पुढे शंका आली तर दाखवायला मूळ माल हवा.

ताजा कंद असेल तर 3-4 मिलिमीटरच्या चकत्या करून ट्रे ड्रायरमध्ये 45-50 अंशांवर वाळवा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर टाकायचा मोह आवरा. वरून कडक कवच धरतं, आतला ओलावा तसाच राहतो आणि डबा बंद केला की बुरशी येते. चकती कट्कन मोडली पाहिजे. वाकली, तर अजून ओली आहे.

अर्क काढणं

चकत्या दळून 40 नंबरच्या चाळणीतून काढा. त्याहून बारीक पूड केली तर ती तळाशी घट्ट बसते आणि द्रावक आत शिरत नाही.

या कंदात स्टार्च भरपूर असतो. पाण्यात उकळला, की चादरीच्या सुताला लावतात तशी खळ होते आणि गाळणकागद पहिल्या दहा मिलिलिटरलाच बंद पडतो. म्हणून 70 टक्के इथेनॉल वापरा, त्यात स्टार्च फुगत नाही. 95 टक्के इथेनॉल 737 मिलिलिटर घ्या आणि डिस्टिल्ड पाण्याने 1 लिटरपर्यंत भरा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार अर्काच्या वजनात मोजले जातात. डिनेचर्ड स्पिरिट तर अजिबात नको.

50 ग्रॅम पुडीला 500 मिलिलिटर द्रावक घाला आणि वॉटर बाथवर 50-55 अंशांवर दोन तास ठेवा. अधूनमधून हलवत राहा. उघडी ज्योत जवळ नको. आधी मलमलीतून, मग व्हॉटमन 1 गाळणकागदातून गाळा. चोथ्यावर आणखी 300 मिलिलिटर घालून हेच पुन्हा करा. दोन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर 50 अंशांखाली आटवा. ‘लवकर निघेल’ म्हणून आम्ल घालू नका: डेडझिनची साखर आम्लाने तुटते आणि त्याचं डेडझेइन होतं, प्युएरारिनची मात्र तुटत नाही. मग अर्कातलं मूळ प्रमाणच बदलून जातं.

टीएलसी

0.8 ग्रॅम पूड 10 मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये दोन तास ठेवा, गाळा, आटवा आणि अर्ध्या मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये विरघळवा. शेजारी प्युएरारिनचं 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण लावा. दोन्ही 10-10 मायक्रोलिटर, सिलिका प्लेटवर. द्रावक क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल, पाणी 7:2.5:0.25, फ्यूम हूडमध्ये. 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली प्रमाणित ठिपक्याच्या उंचीवर त्याच रंगाची चमक दिसली पाहिजे. ती नसेल तर माल परत करा, पुढे जाण्यात अर्थ नाही.

मोजणी

एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असेल तर मेथॅनॉल-पाणी 25:75, 250 नॅनोमीटर. नसेल तर यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम भागतं. 50 मिलिग्रॅम अर्क 30 टक्के इथेनॉलच्या 50 मिलिलिटरमध्ये विरघळवा, त्यातला 1 मिलिलिटर 25 पर्यंत पातळ करा आणि 250 नॅनोमीटरवर वाचा. तुलनेसाठी शुद्ध प्युएरारिनचा आलेख 2 ते 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा काढा. या तरंगलांबीवर बाकीचे आयसोफ्लेव्होनही शोषतात, म्हणून आकडा थोडा चढाच येतो. अहवालात ‘प्युएरारिनच्या तुलनेत एकूण आयसोफ्लेव्होन’ असंच लिहा.

चिनी औषधकोशात कुडझूच्या मुळात किमान 2.4 टक्के प्युएरारिन मागितलं आहे, त्याच प्रजातीतल्या दुसऱ्या पिठूळ कंदात फक्त 0.3 टक्के. 2005 च्या अभ्यासात एका वेळी 190 मिलिग्रॅम प्युएरारिन पोटात जात होतं. तेवढ्यासाठी पहिल्या मुळाची साधारण 8 ग्रॅम पूड लागेल, दुसऱ्याची 63 ग्रॅम. चमचाभर विदारी चूर्णाला त्या संशोधनाचा आधार देण्याआधी हा हिशेब मांडा.

हा अर्क कोणालाही द्यायचा नाही. घरच्या दारुड्याच्या जेवणात गुपचूप मिसळायला तर मुळीच नाही. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते, त्याला डॉक्टरच लागतो. माणसांवरच्या चाचणीला नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी हवी.

अर्क ओलावा पटकन ओढतो, पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चिकट गोळा होतो. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. चिठ्ठीवर वनस्पतीचं नाव, दुकान, तारीख, द्रावक, उतारा आणि टक्केवारी लिहा. 50 ग्रॅममधून 9 ग्रॅम निघाला तर उतारा 18 टक्के. बाजारातल्या डब्यावरचं ‘5:1’ पाच भाग मालातून एक भाग अर्क निघाला एवढंच सांगतं, त्यात प्युएरारिन किती हे नाही.