भूखंडांच्या सीमा सर्वांत शेवटी आखाव्यात

निवासी वसाहतीचा आराखडा करताना बहुतेक वेळा रस्ते आणि भूखंड आधी आखले जातात आणि उरलेले वेडेवाकडे कोपरे ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवले जातात. हा क्रम उलटा करावा. अमेरिकेत १९९० च्या दशकात पुढे आलेल्या संवर्धनशील आखणीच्या पद्धतीनुसार प्रथम ओढे, पाणथळ जागा, पूररेषा, तीव्र उतार आणि जुनी झाडी नकाशावर निश्चित करतात. मग घरांच्या जागा, त्यानंतर रस्ते व पायवाटा आणि अगदी शेवटी भूखंडांच्या सीमा येतात.

स्थानिक झोनिंग नियमावलीत (कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांत) मात्र एक बाब बारकाईने वाचावी: मर्यादा घरांच्या घनतेवर आहे की भूखंडाच्या किमान क्षेत्रफळावर? हेक्टरी एक घर एवढीच घनतेची अट असेल, तर २० हेक्टरांवरील २० घरे प्रत्येकी ०.४ हेक्टरच्या भूखंडांवर बसवता येतात. भूखंडांखाली फक्त ८ हेक्टर जातात आणि रस्ते वगळता उरलेली जमीन सलग राखता येते. किमान क्षेत्रफळच एक हेक्टर असेल, तर जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. अशा वेळी समूह मांडणीची, म्हणजे घरे लहान भूखंडांवर जवळजवळ बसवून उरलेली जमीन मोकळी ठेवण्याची, सवलत मिळते का, हे आराखड्यावर खर्च करण्यापूर्वीच नियोजन कार्यालयाला लेखी विचारावे. लहान भूखंडांवर सांडपाण्याची सामाईक व्यवस्था लागू शकते, तिचीही चौकशी तेव्हाच करावी.

राखलेल्या जमिनीची मालकी, देखभालीचा खर्च आणि भविष्यातील बांधकामबंदी नोंदणीकृत दस्तऐवजातच लिहून घ्यावी, कारण नकाशावरील हिरव्या रंगाला कायदेशीर संरक्षण असतेच असे नाही.