जुन्या पेट्रोल पंपाची जागा घेताय? आधी हे बघा
पुण्यात बंद पंपाची जागा घेत असाल तर पहिले टाकी, पाइप कुठे होते तो जुना नकाशा मिळवा, नाहीतर माती तपासायचे बोअर कुठेही मारतात आणि पैसे पाण्यात. टाकीच्या दोन्ही टोकांना मातीचे नमुने घ्याच. आपल्याकडे वर मुरूम, खाली काळा पाषाण, गळलेलं पेट्रोल भेगांतून कुठल्या कुठे जातं, त्यामुळे शेजारच्या सोसायटीची बोअरवेलपण तपासा. पाणी 40 मिलीच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचं, झाकण लावून उलटी करायची, बुडबुडा दिसला की नवीन बाटली, कारण बेंझिन (पेट्रोलमधलं विषारी, पटकन उडणारं रसायन) त्या हवेत जातं आणि रिपोर्ट उगाच क्लीन येतो. मग लगेच बर्फात. वासावर जाऊ नका हं, डब्ल्यूएचओची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्राम आहे, नाकाला काय कळणार!