मेटल डिटेक्टर घेऊन निघालात? या चुका टाळा

मशीनचा खोका फोडला की दुसऱ्याच दिवशी किल्ल्याकडे पळणारे बरेच नवशिके बघतोय. मशीन चालवायला व्हिडिओ बघून शिकतात, पण कुठे चालवायचं नाही हे फॉरेस्ट गार्डने हटकल्यावरच कळतं.

'सगळ्यांची जागा आहे, कोण काय बोलणार?' महापालिकेची बाग फिरायला सगळ्यांची, खणायला नाही. उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या. आणि शिक्क्याची पोच म्हणजे परवानगी नव्हे, उत्तर येईपर्यंत थांबा. राखीव वनाला भारतीय वन अधिनियम 1927 लागू आहे, तिथे नुसतं विनापरवाना शिरणंही गुन्हा. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमधमेश्वर अभयारण्य आहे, तो विषयच सोडा. पांडवलेणी केंद्राचं संरक्षित स्मारक. 'आम्ही लेण्यात कुठे, खाली वनोद्यानात होतो' ही सबबही चालत नाही.

अंधार पडल्यावर तर जाऊच नका. दिंडोरीकडच्या एका गावात दोन कॉलेजची पोरं डोक्याला टॉर्च बांधून देवळामागच्या गायरानात खणत होती. कुणीतरी पाहिलं आणि 'गुप्तधनवाले आले' अशी हाकाटी झाली. बघता बघता गाव गोळा. सॅक उघडली तर आत दोन लिंबं! होती सरबतासाठी, पण रात्र, खड्डा आणि लिंबू एकत्र दिसल्यावर समजावणार कुणाला? फोन आला म्हणून मी पोहोचलो, तोवर बोलणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यापर्यंत गेलेलं. शेवटी पोलीस पाटलांच्या चपलेतल्या खिळ्यावर मशीन वाजवून दाखवलं तेव्हा लोक जरा हसले. पोरांना सापडलं होतं काय, तर बैलाची अर्धी नाल. गायरान असलं तरी सरपंचांच्या कानावर घालून, ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन, दिवसाउजेडी जायचं. मी लिंबू सोडाच, नारळपाणीसुद्धा नेत नाही.

माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक म्हणजे नाणं घासणं. चिंच, राख, टूथपेस्ट, हाताला लागेल ते. तांब्यावरचा हिरवट थर खरवडला की त्याबरोबर अक्षरंही जातात. 1906 साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप वरून मारलेला होता. सातवाहनांनी क्षहरातांना हरवलं याचा हा धडधडीत पुरावा. तोच ढीग घासूनपुसून पाच-पाच करून सराफाला विकला असता तर? नाणं मातीसकट कागदात गुंडाळा, वर जागा आणि तारीख लिहा. हवं तर अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय एकदा बघून या, हात आपोआप आवरतो.

आणि 'एकच तर आहे' म्हणून खिशात टाकू नका. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं की निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहाच रुपये, कारण कायदा 1878चा आहे. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनक्षमता, फुल करून ठेवू नका. आपल्या बेसॉल्टमध्ये लोहखनिजाचे कण असतात, मशीन रिकाम्या जमिनीवरही किंचाळतं. धातू नसलेली जागा बघून कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची तबकडी, वर-खाली करा, आवाज स्थिरावला की मगच पुढे. एवढाही धीर नसेल तर मशीन विकून टाका, घेणारे भेटतील.

गुटख्याच्या पुड्या आणि बुच्चं वगळायला डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सेटिंग, वाढवाल, तर बारीक सोन्याची अंगठीही त्यात वगळली जाईल. मी कचरा खणतो आणि घरी नेतो.

हिरवळीत खड्डा घ्यायची परवानगी मिळाली तर गवताचा गड्डा तीन बाजूंनी कापून उलटा, चौथी बाजू जोडलेली राहू द्या. माती गोणपाटावर काढा.

रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून नाणी काढताना बघून तेच बागेत करणारे महाभागही आहेत. स्टीलची नाणी चिकटतात. चांदी, तांबं, सोनं चिकटत नाही.

सरावाला ओळखीच्याचं, पीक निघालेलं शेत बरं. फक्त वाट्याने कसणाऱ्याने 'या की' म्हटलं म्हणून जाऊ नका, सातबारा बघा. त्यावर चार भावांची नावं असली तर चौघांना विचारा.