बोगद्यातलं ग्राउटिंग नेमकं कुठे फसतं? या चुका टाळा

बोगद्यात फुटका कातळ लागला की ग्राउटिंग, म्हणजे कातळात भोकं मारून सिमेंट-पाण्याचं मिश्रण (ग्राउट) दाबाने भेगांत भरणं, सुरू होतं आणि संध्याकाळी एकच प्रश्न येतो, "किती गोण्या गेल्या?" बिलं गोण्यांवर निघतात ना! पण सगळं सिमेंट एकाच रुंद भेगेतून लांब पळालेलं असतं, आणि शेजारच्या बारीक भेगा कोऱ्याच.

बारीक भेगांचं गणित सरळ आहे. भेग सिमेंटच्या सर्वांत जाड कणाच्या साधारण तिप्पट रुंद हवी. साध्या सिमेंटचे जाड कण 0.1 मिमीच्या आसपास, म्हणजे 0.3 मिमीहून अरुंद भेगेच्या तोंडाशीच ते अडकतात. दाबाचा काटा चढतो, पंप थांबतो, वहीत नोंद होते 'भोक भरलं'. इथे मायक्रोफाइन, म्हणजे फार बारीक दळलेलं सिमेंटच लागतं.

त्यावर साइटवरचा इलाज म्हणजे पाणी ओतणं. पातळ मिश्रण भराभर जातं खरं, पण सिमेंट खाली बसतं आणि वर पोकळी उरते. मोजपात्रात नमुना ठेवा. 2 तासांत 5 टक्क्यांहून जास्त पाणी वर सुटलं, तर पाणी कमी करा आणि सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण पातळ ठेवणारं रसायन) घाला.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वेगळीच पीडा. सांध्यांत माती भरलेली असते. ती न धुता ग्राउट ढकललं तर ते मातीला चिकटतं, कातळाला नाही. म्हणून पाणी आणि हवा आळीपाळीने मारून, बाहेरचं पाणी नितळ येईपर्यंत भोक धुवायचं. लाव्हाच्या दोन थरांमधला लाल बोल (तांबडा, मातकट थर) मात्र याला अपवाद. तो भिजला की सुटतो; तिथे धुणं आवरतं घ्या, शॉटक्रीट (फवारून मारायचं काँक्रीट) लवकर मारा.

दाब अचानक पडून ग्राउट भसाभस जाऊ लागलं तर खूश होऊ नका. आधी पॅकर (भोक बंद करणारं बूच) गळतोय का पाहा, मग आसपासची भोकं आणि भिंती. कुठेच गळती नसेल तर बहुधा तुमच्याच दाबाने नवी भेग उघडली आहे. दाब उतरवा.

तपासणी पाण्यानेच करायची. 10 बार दाबाला भोकाच्या दर मीटरमागे मिनिटाला 1 लिटर पाणी गेलं, तर तो 1 ल्युजॉन, कातळ किती पाणी पितो ते मोजायचं एकक. पहिल्या फेरीच्या दोन भोकांमध्ये दुसऱ्या फेरीचं भोक मारा. तेही पहिल्याइतकंच पाणी पीत असेल, तर गोण्या कितीही गेलेल्या असोत, तिसरी फेरी मारावीच लागते.