इराणच्या युरेनियमची बातमी कशी वाचावी

१३ जून २०२५ला इस्राएलने इराणवर हल्ला केला. त्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. त्यांचा मुलगा तेलवाहू जहाजावर, तेव्हा इराणजवळच्या होर्मुझ सामुद्रधुनीच्या वाटेवर होता. "सर, इराणकडे नऊ बॉम्ब आहेत म्हणे. खरंय का?" मी बोईसरला तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. वहिनींना जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

आधी टक्केवारी बघा. त्यासाठी परातीत ९९३ तांदूळ आणि ७ मसूर मोजून घ्या. वेळ लागतो, पण खरंच मोजा. खाणीतलं युरेनियम असं असतं: हजारात सातच अणू युरेनियम-२३५चे, म्हणजे ०.७ टक्के. वीज असो वा बॉम्ब, कामाचे हेच, आपले मसूर. आता तांदूळ काढत चला, मसूर राहू द्या. ८२५ काढले की मसूर ४ टक्के होतात. वीज बनवायला एवढं पुरतं. आणखी १४० काढले की २० टक्के. पुढे फक्त २३ काढले की परातीत १२ दाणे उरतात, त्यांतले ७ मसूर, म्हणजे साधारण ६० टक्के. तिथून बॉम्बच्या ९० टक्क्यांजवळ जायला किती काढायचे? चार. वहिनी त्या चार दाण्यांकडे बघत राहिल्या. सेंट्रिफ्यूज म्हणजे युरेनियमचा वायू गरगर फिरवून हे दोन प्रकार वेगळे करणारं यंत्र. त्याचं कामही असंच असतं, बहुतेक मेहनत सुरुवातीलाच खर्च होते. इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या २०१५च्या व्हिएन्ना करारात इराणवर ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती. २०१८मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली आणि एप्रिल २०२१पासून इराण ६० टक्क्यांवर गेला. जगाला घोर लागला तो यामुळे.

मग किलो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मे २०२५च्या अहवालात ६० टक्क्यांचा साठा ४०८.६ किलो होता. संस्थेच्या मोजपट्टीनुसार असं सुमारे ४२ किलो युरेनियम आणखी समृद्ध केलं, म्हणजे त्यातलं २३५चं प्रमाण आणखी वाढवलं, तर एका बॉम्बला पुरू शकतं. भागाकार करा, 'नऊ बॉम्ब' मिळतात. म्हणजे ते नऊ बॉम्ब नव्हते, नऊ बॉम्बचा कच्चा माल होता. पुढचं समृद्धीकरण, वायूचा धातू करणं, स्फोटाची यंत्रणा, क्षेपणास्त्रावर बसवणं हे सगळं बाकी होतं. वजन कशाचं तेही पाहा. २०१५च्या करारात साठ्याची मर्यादा ३०० किलो होती, पण ते किलो युरेनियम हेक्झाफ्लोराइड या वायूचे होते. त्यात युरेनियम २०२.८ किलो. संस्थेच्या अहवालातले किलो मात्र युरेनियमचेच असतात. बातम्यांत हे दोन आकडे सर्रास शेजारी ठेवतात.

क्रियापदावर बोट ठेवून वाचा. १२ जूनला संस्थेच्या नियामक मंडळाने १९ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला, ११ देश तटस्थ राहिले. इराण तपासणीच्या बंधनांचं पालन करत नाही, असं ठरावात होतं. वरामीन, तुर्कुझाबाद अशा जाहीर न केलेल्या जागी सापडलेल्या युरेनियमच्या कणांचा खुलासा इराणने नीट दिला नव्हता. 'इराणने बॉम्ब बनवला' असं त्यात कुठेही नव्हतं. बॉम्बच्या दिशेने पद्धतशीर प्रयत्न चालल्याचा पुरावा आमच्याकडे नाही, असं संस्थेचे महासंचालक राफाएल ग्रोसी यांनी त्यानंतर काही दिवसांत सांगितलं. मी दोन्ही वाक्यं वहिनींना सलग वाचून दाखवली. एकच सांगितलं असतं, तर ती फसवणूक झाली असती.

'भारताने बॉम्ब केला, मग इराणला का अडवता?' हेही विचारतात. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सहीच केली नाही. इराणने १९७०मध्येच त्याला मान्यता दिली, म्हणून तपासणी त्याच्यावर बंधनकारक आहे. आमच्या तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट्स याच संस्थेच्या देखरेखीखाली आहेत, त्यामुळे निरीक्षक आले म्हणजे आरोप झाला असं इथे कोणाला वाटत नाही.

शेवटी, निरीक्षकांनी साठा स्वतः कधी पाहिला ती तारीख शोधा. २२ जूनला अमेरिकेने फोर्डो, नतांझ आणि इस्फहान इथल्या इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्यानंतर आलेला ४४०.९ किलोचा आकडा हल्ल्यांच्या सुरुवातीचा, १३ जूनचा अंदाज आहे, मोजलेला नाही. बातमीत तो छापलेला दिसला की शेजारी पेन्सिलीने 'अंदाज' असं लिहा. वहिनी आता लिहितात.